मनगटावरची अस्वस्थता

मुलांनो, आपण एक घर मनात उभं करू या. घाई नाही, माझ्याबरोबर सावकाश या. दारावर घंटा नाही, कारण घंटेने माणूस दचकतो. आत फरशीभर जाड सतरंज्या, म्हणजे पावलं वाजत नाहीत. स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी न वाजवणारा. क्रिकेटचा सामना या घरात कधी लावत नाहीत, कारण शेवटच्या षटकात कुणाचंही काळीज धडधडतं.

या घरात जुई नावाची अकरा वर्षांची मुलगी राहते. घटकाभर तुम्हीच जुई आहात असं समजा. खेळताना पडलात, गुडघा फुटला, तसेच घरी आलात. काय कराल? दारातूनच "आई गं!" म्हणून ओरडाल. जुई ओरडत नसे. ती आधी मागच्या नळावर रक्त धुवी, पट्टी लावी, तोंडावर पाणी मारी. मग आत येऊन, पाढे म्हणावेत तशा एकसुरी आवाजात सांगे, "आई, थोडंसं खरचटलंय. आता बरं आहे."

असं का, ते सांगतो. त्यासाठी आधी तिच्या आईची ओळख करून घ्यायला हवी.

डॉक्टर केतकी अंकलीकर कृष्णाकाठच्या एका शहरात वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक होती. तिचा विषय अतिदक्षता. माणूस फार आजारी पडला की त्याचं शरीर एकट्याने सगळी कामं उरकू शकत नाही. मग श्वासाचं थोडं काम यंत्राने करायचं, मूत्रपिंडाचं दुसऱ्या यंत्राने, आणि शरीराला दम खायला वेळ द्यायचा. तो दम खाण्याचा वेळ जिथे मिळतो तो अतिदक्षता विभाग. केतकी तिथे सकाळी रुग्ण बघायची, दुपारी विद्यार्थ्यांना शिकवायची आणि उरलेल्या वेळात संशोधन करायची. अशा माणसाला तीन घरं असतात आणि तिन्ही घरची माणसं म्हणतात, तू आमच्याकडे कमीच येतेस. केतकीला ते आवडायचं. रुग्णाशेजारी सुचलेला प्रश्न ती संशोधनात न्यायची आणि तिथलं उत्तर पुन्हा रुग्णापाशी आणायची.

तिचा एक प्रश्न फार साधा होता. पडद्यावरचे आकडे सगळे ठीक असताना अनुभवी डॉक्टर किंवा नर्स एखाद्या खाटेपाशी थबकते आणि म्हणते, "हे काही मला बरं दिसत नाही." तासाभराने तो रुग्ण खरोखरच खालावतो. हे त्यांना कळतं कुठून?

केतकीने साठ जणांच्या मनगटाला पट्टे बांधले. आपण बेचैन झालो की तळव्याला बारीक घाम येतो, इतका बारीक की आपल्याला जाणवतही नाही, पण त्वचेतून वीज थोडी जास्त वाहू लागते. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतरही बदलतं. पट्टा हे मोजायचा. दोन वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा दिसलं की अनुभवी माणसाचं शरीर, मनाला शब्द सापडण्याच्या कितीतरी आधी, जवळजवळ चाळीस मिनिटं आधी बेचैन होतं. साठ जणांत सगळ्यात खरी बेचैनी कुणाची होती? केतकीची स्वतःची.

त्यातून 'चाहूल' नावाची यंत्रणा तयार झाली. चोवीस रुग्णालयांतल्या तीनशे खाटांवर कॅमेरे बसले. केतकीच्या चष्म्याच्या डाव्या काचेत, अगदी कोपऱ्यात, एकेक खाट चार सेकंद दिसायची आणि सरकायची. वीस मिनिटांत सगळ्या खाटा नजरेखालून जायच्या. तिने बोलायचं नाही, बटण दाबायचं नाही. एखादी खाट बघून तिचं शरीर बेचैन झालं की पट्टा ते टिपायचा आणि त्या दूरच्या खाटेवरचा पांढरा दिवा पिवळा व्हायचा. मग तिथली माणसं धावायची. पहिल्या वर्षी अतिदक्षता विभागांतले मृत्यू पाचव्या हिश्श्याने कमी झाले.

केतकीची जागा घेण्यासाठी अकरा हुशार डॉक्टरांना पडद्यांसमोर दोन वर्षं बसवून पाहिलं. एकाचीही बेचैनी खरी निघाली नाही. नुसत्या यंत्रालाही शिकवून पाहिलं. ते निम्म्या वेळा चुकायचं. रात्री केतकी झोपली की नाइलाज म्हणून तेच चालवायचे.

म्हणून सकाळी सात ते रात्री नऊ, रविवार असो की दिवाळी, पट्टा मनगटावर आणि चष्मा डोळ्यांवर. रुग्णांत जायला वेळ उरेना. चार वर्षांत तिने एकाही रुग्णाला हात लावला नव्हता. विभागाच्या टोकाला तिच्यासाठी काचेची एक खोली केली होती, त्यात ती बसायची, आणि संध्याकाळी तोच चष्मा लावून घरी यायची.

आता अडचण बघा. पट्ट्याला बेचैनी कळते, तिचं कारण कळत नाही. मागच्या वर्षी जुई जिन्यावरून गडगडत आली. केतकी दचकली, आणि त्या क्षणी जी खाट काचेत होती तिचा आणि पुढच्या आठ खाटांचा दिवा पिवळा झाला. एका लहान रुग्णालयात एकच नर्स होती. ती उगाच लागलेल्या दिव्याकडे धावली, तेवढ्यात दुसऱ्या खाटेवरच्या माणसाची श्वासाची नळी सुटली. तो वाचला, पण महिनाभर त्याला धड बोलता येत नव्हतं.

त्यानंतर महाविद्यालयाचे अधिष्ठाता, म्हणजे मुख्य, डॉक्टर तगारे स्वतः घरी आले. सभ्य माणूस. घरच्यांसाठी छापलेला नियमांचा कागद त्यांनी हर्षदच्या, जुईच्या बाबांच्या, हातात दिला आणि जुईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळ, आईला शांत ठेवायचं. तीनशे माणसांचा प्रश्न आहे. तूही आमच्यातलीच एक आहेस, हो की नाही?"

जुईने मान हलवली. अकरा वर्षांच्या मुलीने तीनशे माणसांना नाही कसं म्हणायचं?

आणि आता केतकीचा 'चाहूल'साठीचा करार संपत आला होता. नव्या कागदावर सोमवारी सही करायची होती, पुढच्या पाच वर्षांसाठी. केतकीला ती करायची नव्हती. पण सही केली नाही तर कुणीतरी तिच्याशिवाय मरणार, हे तिनेच काढलेले आकडे सांगत होते.

"पाच वर्षं," हर्षद म्हणाला. "म्हणजे जुईच्या दहावीचे पेढे आपण कुजबुजत वाटायचे."

केतकी हसली नाही. हसणंही बेतानेच करायची सवय लागली होती.

रविवारी दुपारी एकला हर्षद आणि जुई डबा घेऊन रुग्णालयात आले. रोज एक वाजता दहा मिनिटं 'शून्य' असायचं. केतकी चष्मा काढून, डोळे मिटून स्वस्थ बसायची आणि पट्टा तिची शांत नाडी मोजून आपलं माप जुळवून घ्यायचा. तेवढा वेळ चोवीसही रुग्णालयांत एकही दिवा लागायचा नाही. मग काय, सगळीकडे ती जेवायची वेळ ठरून गेली. शून्य लागलं की डबे उघडायचे. दिवा लागणार नाही म्हणजे कुणाला काही होणार नाही, असं कुणी म्हटलं नव्हतं, पण चार वर्षांत सगळे तसं वागायला लागले होते.

त्याही दिवशी तरुण डॉक्टर सना मुजावरने दहीभाताचा डबा उघडला. "सिस्टर, शून्य लागलं. बसा की."

रूथ सिस्टर तीस वर्षं याच विभागात होत्या. "तू जेव. शून्यात जेवलेलं मला पचत नाही." त्यांनी काचेबाहेर उभ्या असलेल्या जुईकडे पाहिलं. "काय गं, नुसतीच बघत उभी राहणार? हात धू. कोपरापर्यंत. मास्क लाव. चल माझ्याबरोबर."

"रूथमावशी, मुलांना आत परवानगी नाही."

"दहा मिनिटं इथं कुणाचंच कुणाकडे लक्ष नसतं. ये."

सिस्टर एकेका खाटेपाशी जात, पांघरूण थोडं वर करत आणि रुग्णाच्या पायाला हात लावत.

"हे कशाला?" जुईने विचारलं.

"तुमच्या गल्लीत पाणी कमी दाबानं आलं की कुणाचे नळ आधी कोरडे पडतात?"

"टाकीपासून लांबच्यांचे."

"तसंच. शरीरात ओढाताण सुरू झाली की ते मेंदूला आणि हृदयाला रक्त पुरवतं आणि लांबच्यांचं बंद करतं. सगळ्यात लांब कोण? पायाची बोटं. वरचे आकडे छान असतात तेव्हाच बोटं गार पडायला लागतात. हं, या काकांचे बघ."

जुईने हात लावला. "गरम आहेत."

"आता पुढच्या आजोबांचे."

नऊ नंबरच्या खाटेवर बापू शेडबाळे होते. आतड्याला भोक पडलं होतं म्हणून दोन दिवसांपूर्वी ऑपरेशन झालेलं. ते जागे होते. "पाय चेपाय आलीस व्हय गं? चेप, चेप."

"कसं वाटतंय, बापू?" सिस्टरनी विचारलं.

"जरा ग्वाड वाटंना बगा. बाकी काय न्हाई."

जुईने त्यांची बोटं धरली, मग घोटा, मग हात वर सरकवत नेला. "मावशी, गुडघ्यापर्यंत गार आहे."

सिस्टर वाकल्या. "हाताचं नख दाब. पांढरं झालं? सोड. लाल व्हायला किती लागतात ते मोज."

"एक, दोन, तीन, चार, पाच... आता झालं."

"तीनच्या आत व्हायला हवं." सिस्टरचा आवाज बदलला होता. "वरच्या पडद्यावर काय आहे, वाच बघू. हिरवा आकडा."

जुईने वर पाहिलं. डोळे बारीक केले.

"वाच की."

"हिरवं आहे एवढं दिसतं."

सिस्टरनी मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. "आणि शाळेत फळा?"

"निशिगंधा वाचून सांगते."

"कधीपासून?"

"मागच्या दिवाळीपासून."

"घरी बोलली नाहीस?"

"बोलले तर दिवे लागतील ना, मावशी."

सिस्टरनी एकदाच डोळे मिटले. मग हाक मारली, "सना! डबा ठेव आणि इकडे ये."

सना आली, तोंडात घास होता. तिने पडद्याकडे पाहिलं. "बीपी एकशे अठरा. दिवा पांढरा आहे, सिस्टर. चार मिनिटांत शून्य संपेल. मॅडमनी बघितलं की कळेलच."

"चार मिनिटं दम धरा म्हणून बापूंच्या पायांना सांगू? हात लाव."

सनाने हात लावला. घोट्याला, मग गुडघ्याला. तिचा चेहरा उतरला. पुढच्या मिनिटाला ती पळत होती. सलाईन, रक्ताची तपासणी, नवं औषध, सर्जनना फोन.

शून्य संपलं. केतकीने चष्मा लावला. काचेत एकेक खाट सरकू लागली आणि एक वाजून वीस मिनिटांनी नऊ नंबरचा दिवा पिवळा झाला. पण तिथे सलाईन आधीच चालू होतं. चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं. केतकी काचेची खोली सोडून बाहेर आली.

"दिव्याच्या आधी कुणी ओळखलं?"

"तुमच्या लेकीनं," सिस्टर म्हणाल्या.

केतकीचं काळीज आनंदाने उसळलं. भिंतीवर चोवीस रुग्णालयांचे दिवे दाखवणारा मोठा नकाशा होता, त्यात कुठेतरी दोन दिवे पिवळे झाले. तिने लगेच श्वास आवरला.

"आणि तिचं आणखी एक ऐका," सिस्टर म्हणाल्या. "दिवे लागायचे असतील तर लागू देत. चार वर्षं मीही तुम्हाला दचकवायचं टाळलं. मॅडम, हिला वरचे आकडे दिसतच नाहीत. फळाही दिसत नाही. एक वर्ष झालं."

केतकीने जुईकडे पाहिलं. जुई खाली बघत होती. शेजारी उभ्या हर्षदच्या हातातला डबा तिरका झाला.

नकाशावर चार दिवे. सात. अकरा. फोन वाजू लागले. केतकी शिकवल्याप्रमाणे श्वास मोजू लागली, चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर. एकोणीस दिवे. देशातली सगळ्यात खरी बेचैनी या मनगटावर होती, आणि शेजारच्या ताटावर बसून जेवणाऱ्या पोरीचं वर्षभरात काही कळलं नव्हतं.

तेवढ्यात जुईने आईचा हात धरला आणि तिच्या त्या पाढे म्हणायच्या आवाजात म्हणाली, "आई, श्वास घे. थोडंसंच दिसत नाही. आता बरं आहे."

केतकीने पट्ट्याची कडी उघडली आणि पट्टा टेबलावर ठेवला.

नकाशावरचे सगळे दिवे एकदम पांढरे झाले.

तिने चोवीस रुग्णालयांना जोडणारा माइक उचलला. "मी केतकी अंकलीकर बोलतेय. मघाचे दिवे उगाच लागले होते, त्यांची औषधं थांबवा. आता तासभर एकही दिवा लागणार नाही. हे शून्य नाही, जेवायला बसू नका. प्रत्येक खाटेपाशी जा. पायाला हात लावा. गुडघ्यापर्यंत गार असेल तर नख दाबा, तीनपर्यंत मोजा. श्वास मोजा. नाव विचारा. काही सुचलं नाही तर तिथल्या जुन्या सिस्टरना विचारा."

डॉक्टर तगारे आवारातच राहायचे. ते घरच्या चपलांवरच आले.

"मॅडम, पट्टा घाला."

"एक तास, सर."

"या तासात कुणी गेलं तर?"

"जाऊ शकतं," केतकी म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता आणि ती तो आवरत नव्हती. "सर, त्या अकरा जणांना आपण पडद्यांसमोर बसवलं. मी पडद्यासमोर शिकले नव्हते. आमच्या वेळी दहा खाटांना दोन मॉनिटर होते. सिस्टर मला प्रत्येक फेरीला पायाला हात लावायला लावायच्या. हजारो पाय. माझ्या बेचैनीत तेच साठलंय, आणि दिवे लागायला लागल्यापासून ते कुणी शिकतच नाही. पाच वर्षांनी माझ्याशिवाय कुणीच उरणार नाही."

तगारे खुर्चीत बसले. "माझा भाऊ तुमच्या पिवळ्या दिव्यामुळे जिवंत आहे," ते हळू म्हणाले. "मी कोणत्या तोंडाने पट्टा काढा म्हणू?"

तास संपेपर्यंत बातम्या येत राहिल्या. हात लावून अकरा खालावणारे रुग्ण ओळखले गेले. दोन हुकले. त्यातली एक बाळंतीण होती, बावीस वर्षांची. तिला आता श्वासाच्या यंत्रावर घेतलं होतं.

"दिवा असता तर?" केतकीने विचारलं.

"बहुतेक कळलं असतं," तगारे म्हणाले.

मुलांनो, इथे जरा थांबा. पट्टा घातला तर घरातलं लेकरू गप्प होतं. नाही घातला तर दूरची एक बाळंतीण. तुम्ही काय केलं असतं? मला विचाराल तर मलाही चटकन सांगता येणार नाही.

रूथ सिस्टर दाराशी उभ्या होत्या. "एक बोलू का? दिवा लागला की हल्ली सगळे औषध घेऊनच पळतात. आधी हात लावायचा. पाय गार लागले तर औषध. गरम लागले, श्वास ठीक असला, तर म्हणायचं, मॅडमच्या घरी भांडण झालं असेल, आणि पुढच्या खाटेकडे जायचं."

हर्षदला हसू फुटलं. तगारेंना फुटलं नाही. "तरी त्यात वेळ जाणारच, सिस्टर."

"जाईल," केतकी म्हणाली. "पण धावणारी माणसं आंधळी राहणार नाहीत. सर, उद्या मी एकाच वर्षाची सही करीन. रोज एक तास पट्टा काढून मी खाटांपाशी शिकवीन, आणि त्या तासात चोवीस ठिकाणी हातच लागतील. आणि घरचा तो कागद आजपासून रद्द."

"समितीला हे पटवणार कोण?"

"मी. आणि बाळंतिणीचंही मीच सांगेन, ते लपवायचं नाही."

तगारे उठले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. दारापाशी वळून त्यांनी टेबलावरच्या पट्ट्याकडे पाहिलं आणि निघून गेले. सिस्टरही बापूंकडे गेल्या. केतकीने माइकवरून चोवीस ठिकाणी सांगितलं की आता दिवे पुन्हा लागतील, पण आधी हात लावायचा, मगच औषध.

केतकी जुईसमोर उकिडवी बसली. "जुई, डोळ्यांचं कळलं. उद्या शाळा नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. अजून काय काय सांगायचं राहिलंय?"

जुईने टेबलावरचा पट्टा उचलला, आईच्या मनगटाला गुंडाळला आणि कडी लावली. चष्माही तिनेच आईच्या डोळ्यांवर चढवला. पट्टा सुरू झाल्याचा हिरवा ठिपका उजळेपर्यंत ती थांबली. मग तिने तोंडावरचा मास्क खाली ओढला, आईच्या गळ्याला मिठी मारली आणि अकरा वर्षांच्या मुलीला अजिबात शोभणार नाही असं मोठ्ठं भोकाड पसरलं.